आठ खोक्यांचा पलंग

गारा पडल्या त्या दुपारी पॅकिंग शेडबाहेर ठेवलेल्या भरल्या खोक्यांवर ताडपत्री टाकायला माझ्या सासूबाई धावल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मुकादम आत होता, बाकीच्या बायका आत होत्या, मीही आतच होते, हातात एक संत्रं धरून तोंड वासून उभी. सासष्ट वर्षांची बाई मात्र धावली. ताडपत्री अंथरून झाली, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून झाले, आणि परत येताना पायरीवर साचलेल्या गारांवरून त्यांचा पाय घसरला.

पाव तासात सगळं आटोपलं. झाडावरचं फळ टोचून निघालं, हंगाम बुडाला, शेडला कुलूप लागलं आणि सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं. जीपमध्ये घालून दवाखान्यात नेताना त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा:

"खोकी भिजली का गं?"

"नाही भिजली," मी म्हटलं. "तुम्ही गप पडा."

मी तेव्हा चिडले होते. अजूनही त्या पायरीवरून जाताना चिडते.

ऑपरेशन झालं, टाके निघाले. अकराव्या दिवशी, रविवारी, वॉर्डातली सिस्टर आम्हा तिघांना बाजूला घेऊन उभी राहिली. तिघं म्हणजे मी, आमचे हे, आणि यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या नणंदबाई. त्या शहरात राहतात, बसने चार तासांवर, तिसऱ्या मजल्यावर.

"गुरुवारी सोडू," सिस्टर म्हणाली. "पण जमिनीवर बसायचं नाही, जमिनीवर झोपायचं नाही. बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. घरात पलंग आहे ना?"

आम्ही दोघं नवरा-बायको सिस्टरच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत राहिलो. आमच्या घरात पलंग नव्हता. कधीच नव्हता. दोन खोल्या, रात्री गाद्या अंथरायच्या, सकाळी गुंडाळून भिंतीला लावायच्या. गाद्या पसरल्या की पाय ठेवायला जागा राहत नाही, आणि उचलल्या की त्याच खोलीत पाच पाहुणे जेवून जातात.

"माझ्याकडे आहे पलंग," नणंदबाई म्हणाल्या. "मी नेते आईला."

त्यांचं काही चुकत नव्हतं. मला तर त्यांचा रागही येईना.

त्या औषधं आणायला खाली गेल्या तेव्हा सासूबाईंनी माझं मनगट धरलं. अकरा दिवसांत हात काटकुळा झाला होता, पण पकड तीच.

"जिने किती आहेत तिच्याकडे, मोजलेत तू?"

"नाही."

"मी मोजलेत. बावन्न पायऱ्या. एकदा मला उचलून वर नेली की मी खाली यायची नाही. तिला सांगू नकोस, वाईट वाटेल तिला. पण तू काहीतरी कर."

एवढंच बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यांच्या घरात येऊन मला बारा वर्षं झाली, पण 'तू काहीतरी कर' असं त्यांनी मला कधी म्हटलं नव्हतं. करायचं ते त्याच करायच्या.

नणंदबाई परत आल्यावर मी म्हटलं, "ताई, आम्ही पलंग करतो."

"करता म्हणजे?"

"म्हणजे करतो. घरी."

त्यांनी भावाकडे पाहिलं. भाऊ माझ्याकडे बघत होता, त्यालाही बातमी तेव्हाच कळली होती.

"बुधवारी मी घरी येते," नणंदबाई शेवटी म्हणाल्या. "पलंग नीट दिसला तर आई तुमच्याकडे. नाही तर गुरुवारची गाडी मी सांगून ठेवली आहे. यात रुसवेफुगवे नकोत. ती पुन्हा पडली तर मी कुणालाच माफ करणार नाही, स्वतःलाही नाही."

निघायच्या आधी मी सासूबाईंना खाटेच्या कडेला बसवलं, पिशवीतली सुतळी काढली आणि टाचेपासून गुडघ्यामागच्या वळीपर्यंत धरून गाठ मारली.

"माझं माप घेतेस होय?" त्या म्हणाल्या. "आधी मरू तर दे."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी खुदकन हसली.

त्या सुतळीचं माप घरी टेपवर सतरा इंच भरलं. दाबून तीन इंच राहील अशी गादी आमच्याकडे होती. म्हणजे पलंगाची चौकट जमिनीपासून चौदा इंच हवी. एवढा हिशेब मी चुलीपुढे बसून केला आणि यांना तीनदा सांगितला. चौदा. चौदा इंच. एक आणि चार.

"बहिरा नाही मी," हे म्हणाले.

आमच्या यांना गावात 'दोनठोके' म्हणतात. फळांची लाकडी खोकी ठोकणं हा यांचा धंदा. एक खिळा दोन ठोक्यांत बसवतात, तिसरा लागला तर लाकडाला शिव्या घालतात. अठरा वर्षं हेच काम. आमच्या गावच्या संत्र्याचं खोकं दीड फूट लांब, एक फूट रुंद, दहा इंच उंच. त्या मापाचं खोकं हे डोळे मिटून करतील. पण दुसरं काही केलेलं मी पाहिलं नव्हतं. घरात एक फळी लावायची तर चार महिने 'उद्या' चालायचं.

सोमवारी आधी दुकानात जाऊन पाहून आलो. पलंग छान होते. एकाच्या डोक्याशी आरसा बसवलेला होता, त्यात मला माझं तोंड दिसलं, आणि आम्ही बाहेर आलो. गावातला सुतार म्हणाला, दोन महिन्यांनी या. तेव्हा हे रस्त्यातच उभे राहून म्हणाले:

"पलंग म्हणजे तरी काय? मोठं खोकंच की."

मला तेव्हा बरं वाटलं. पुढे हेच वाक्य आम्हाला बुडवणार होतं, आणि तारणारही होतं.

लाकूड मागायला मी मुकादमाकडे गेले. हे गेले नाहीत. मागायची वेळ आली की यांना पाठीत कळ येते. मुकादम रिकाम्या शेडमध्ये एकटाच टेबलाशी बसला होता. हंगामात तिथे ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही, आता माश्यांचा आवाज येत होता. मी पलंगाचं सांगितलं. त्याने मान हलवली आणि कोपऱ्यात बोट केलं. गाठी असलेल्या म्हणून बाजूला काढलेल्या फळ्यांचा ढीग होता. शिवाय गारांनी पडलेल्या मांडवाचे तीन लांब वासे आणि एक चौरस खांब.

"घेऊन जा सगळं. खोक्यांत घालायचं गवतही ने पाहिजे तर, पोती भरून पडलंय," तो म्हणाला. "तिने ताडपत्री टाकली म्हणून तेवढी तरी खोकी यंदा गावाबाहेर गेली. कशी आहे?"

"बरी आहे. गुरुवारी सोडतील."

"पहिल्या हंगामात तुलाच मी सोडणार होतो," मुकादम म्हणाला. "आठवतं?"

मला चांगलं आठवत होतं. आमच्याकडे भरलेलं खोकं मुकादम आडवं करतो, कान लावतो आणि हलवतो. आतून फळ सरकल्याचा आवाज आला की खोकं रिकामं करून तुमच्या पुढ्यात. आवाज येतो तो खालच्या थरामुळे. वरचे थर सगळ्याच नीट लावतात, दिसतात म्हणून. खालचा थर सैल राहिला की वर कितीही दाबा, आत फळ फिरतंच. पहिले आठ दिवस माझं जवळजवळ प्रत्येक खोकं वाजत होतं. नंतर वाजायचं थांबलं. आठ दिवसांत माझा हात बसला, हे मी पुढे कितीतरी नव्या मुलींना ऐकवलं होतं.

"आठ दिवसांत शिकले ना मग," मी म्हटलं.

मुकादम हसला. "आठ दिवसांत? अगं, जेवणाच्या सुट्टीत तू हातपाय धुवायला हौदावर जायचीस. तुझी सासू तेवढ्या वेळात तुझी खोकी उपसायची, खालचा थर लावायची आणि पुन्हा तुझंच फळ वर तसंच्या तसं रचायची. डबा उघडायची नाही. पूर्ण हंगाम. मला इथून सगळं दिसायचं."

"तुम्ही बोलला नाहीत?"

"मला खोकं न वाजण्याशी मतलब. आणि तिने बघितलं होतं माझ्याकडे एकदा. तिने तसं बघितल्यावर कोण बोलतो?"

मी फळ्यांचा गठ्ठा डोक्यावर घेतला. वाटेत दोनदा ठेवला, जड होता म्हणून नाही. बारा वर्षं एकाच घरात, एकाच टेबलावर, एका शब्दाने त्या बोलल्या नव्हत्या. भांडणातसुद्धा नाही, आणि आमची भांडणं काही कमी झाली नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर पहिल्याच भांडणात बाहेर काढलं असतं. गठ्ठा उचलून मी चालायला लागले तेव्हा मला एकच गोष्ट पक्की कळली होती. त्या मला घरात हव्या होत्या. त्यांची काळजी म्हणून नव्हे. मलाच हव्या होत्या.

मंगळवारी सकाळी अंगणात काम सुरू झालं. हे करवत चालवत होते, मी जुन्या खोक्यांतले खिळे उपसून दगडावर ठोकून सरळ करत होते. ऊन बरं होतं. यांच्या हातावरच्या केसांत भुसा अडकला होता आणि कित्येक दिवसांनी हे शीळ घालत होते. हंगाम बुडाल्यापासून हातोडी कोनाड्यात पडून होती, आणि हे तिच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघायचे. आता हातात काम आल्यावर माणूस वेगळाच दिसत होता. मीही बडबडत होते. पलंग खिडकीशी लावायचा, म्हणजे त्यांना रस्ता दिसेल, येणाऱ्याजाणाऱ्याला त्या नावं ठेवतील, दिवस जाईल.

"कापले," हे म्हणाले. चौरस खांबातून चार पाय कापून ओळीत उभे केले होते. करवतीची एकही रेघ तिरकी नाही. सुरेख.

मी सुतळी आणून सहज लावली. गाठ गादीच्या हिशेबानेही पायाच्या फार वर गेली. मी टेप आणला. दहा इंच. दुसरा लावला. दहा. तिसरा, चौथा, दहा, दहा.

"अहो, चौदा."

हे चारी पायांकडे बघत राहिले. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं.

"दहा," हे हळूच म्हणाले. "खोक्याच्या कोपऱ्याचं दांडकं दहा इंच असतं."

"मी तीनदा सांगितलं होतं."

"मी ऐकलं होतं. हाताने ऐकलं नाही."

अठरा वर्षं दिवसाला शेदोनशे दांडकी त्याच मापाने कापलेली. शीळ घालत, माझी बडबड ऐकत यांनी हाताला मोकळं सोडलं आणि हाताने त्याला जे येत होतं ते केलं. ओरडावं असं माझ्या मनात होतं, तोंडही उघडलं होतं. पण यांचा चेहरा बघून मी खिळेच ठोकत बसले. एक सरळ झालेला खिळा मी पुन्हा वाकडा केला.

खांबाचा सोळा इंचांचा तुकडा उरला होता. त्याचे चार चार इंचांचे चार ठोकळे करून पायांना खालून जोडायचे, असं ठरलं. दुसरं जाड लाकूड नव्हतंच. लांब खिळे तिरके मारून जोडले. संध्याकाळपर्यंत वाशांची चौकट झाली, वर फळ्या बसल्या, पाय लागले, आणि पलंग अंगणात उभा राहिला. लांबून पलंगासारखा दिसत होता. जवळ जाऊन हात लावला की झुलायचा. आम्ही दोघांनी हात लावायचं टाळलं.

बुधवारी दुपारी नणंदबाई आल्या. पाणीसुद्धा न घेता थेट पलंगाशी गेल्या. एका बाजूने दोन हातांनी धरून त्यांनी तो हलवला. काही फार जोर केला नाही, आजारी माणूस उठताना टेकेल तेवढाच. पलंग डावीकडे गेला, उजवीकडे आला, आणि कोपऱ्यातला ठोकळा निसटून त्यांच्या पायाशी पडला. पलंग त्या कोपऱ्यावर बसला.

शेजारीण कपडे वाळत घालत होती. ती कपडे वाळत घालायची थांबली.

"आई यावर बसली असती तर?" नणंदबाईंनी विचारलं. आवाज चढला नव्हता, उलट डोळे भरले होते. त्यांनी ओरडायला हवं होतं, आम्हाला सोपं गेलं असतं.

यांनी ठोकळा उचलला, उगाचच फुंकर मारून साफ केला. "रिकामा आहे म्हणून झुलतोय," हे पुटपुटले. "खोकंपण रिकामं असलं की झुलतं. भरलं की घट्ट होतं."

"मग पलंग कशाने भरणार आहेस? आईने?"

हे न्हाणीमागे जाऊन बसले. यांची तिथे बसायची जागा आहे, मनाला लागलं की.

मीही मटकन खाली बसले. बसले ती दाराशी पालथ्या ठेवलेल्या एका रिकाम्या खोक्यावर. ते कुईं करून एका बाजूला कललं. मी उठले. त्या खोक्याकडे बघितलं. मग ते आडवं केलं, एका कुशीवर, मुकादम करतो तसं, आणि टेप लावला. आडवं खोकं एक फूट उंच. बारा इंच. वाशांची चौकट फळ्यांसकट दोन इंच.

"ताई," मी म्हटलं, "भरू या की."

"काय?"

"पायच नकोत. खोकी घालू खाली. आडवी. भरलेली."

नणंदबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या लग्नाआधी सात हंगाम त्याच शेडमध्ये बसल्या होत्या. त्यांना जास्त सांगावं लागलं नाही. त्यांनी टेप माझ्या हातातून घेतला, स्वतः मापलं आणि न्हाणीकडे तोंड करून हाक मारली:

"ए दोनठोके! ये बाहेर. तुझ्या मापाचं काम निघालंय."

आठ खोकी लागणार होती. तीन या कडेला, तीन त्या कडेला, दोन मधल्या वाशाखाली. फळ्या होत्याच. हे बसले आणि दोन ठोके, दोन ठोके, दोन ठोके असा आवाज सुरू झाला. माप बघायची गरज नव्हती. पाऊण तासात आठ खोकी झाली, नववं उगाच झालं, हात थांबेना म्हणून.

भरायला विटा होत्या. न्हाणीची आडभिंत त्याच वादळात पडली होती, अंगणात ढीग होता. मी आणि नणंदबाई समोरासमोर बसलो, मध्ये गवताचं पोतं. मी पहिल्या खोक्यात गवत टाकून वीट ठेवली.

"असं नाही गं," त्या म्हणाल्या. "आधी कागद. मग गवत. विसरलीस?"

"विटांना कशाला कागद?"

"खोक्याला कागद लागतो."

मग त्याही बसल्या वर्तमानपत्राच्या घड्या घालत. शहरातली साडी गुडघ्यात खोचली, बांगड्या वर सारल्या. सुरुवातीला त्यांचे हात अडखळत होते. तिसऱ्या खोक्यापासून लय लागली. विटा आम्ही फळासारख्या बसवल्या. खालचा थर उभा, त्यावर सांध्यावर सांधा येणार नाही असा आडवा, फटीत गवत बोटांनी कोंबून. बोटांची सालं निघाली.

"मला हवी होती गं ती," नणंदबाई मध्येच म्हणाल्या. मान वर केली नाही. "मुलं बाहेर पडली की दिवसभर कुणी नसतं घरात. पलंगाचं काय, पलंग निमित्त."

मी म्हटलं, "ताई, तुम्ही या ना इकडे राहायला. महिनाभर. त्या चालायला लागेपर्यंत."

"झोपू कुठे?"

"जमिनीवर. आमच्यासारख्या."

त्या हसल्या आणि नाक पुसलं, गवत नाकाला लागलं.

खोकं भरलं की हे वरून पट्ट्या ठोकायचे. मग मी आडवं करून कान लावायची. आम्ही सगळीच हसत होतो, विटांच्या खोक्याला कुणी कान लावतं का? पण लावत होतो. पहिलं वाजलं नाही, दुसरं नाही. सातवं वाजलं. बारीक, कुठेतरी आत, एक खट्. यांच्या कानाला ते आलंही नाही. ते पलंगाच्या मधे जाणार होतं, कुणाला दिसणार नव्हतं, ऐकू येणार नव्हतं, आणि पट्ट्या ठोकून झाल्या होत्या.

"राहू दे ते," हे म्हणाले. "विटा आहेत त्या, काय नासणार आहेत?"

"उघडा," मी म्हटलं.

"अगं..."

"उघडा म्हणते ना."

यांनी पट्ट्या उचकटल्या. मी सगळ्या विटा बाहेर काढल्या, तळापर्यंत. खालच्या थरात एक अर्धी वीट होती, तिच्याशेजारी गवत कमी पडलं होतं. ती माझीच चूक. मी कागद पुन्हा अंथरला आणि खालचा थर पुन्हा लावला. लावताना माझ्या डोळ्यांपुढे शेडचं टेबल होतं, जेवणाची सुट्टी, न उघडलेला डबा. नणंदबाईंनी विचारलं, रडतेस का? मी म्हटलं, विटांची धूळ.

दिवस मावळायच्या आत खोकी खिडकीशी मांडून झाली. चौकट वर ठेवून यांनी ती खोक्यांना ठोकून टाकली. नणंदबाईंनी दोन्ही हातांनी धरून हलवलं. मग पाय लावून ढकललं. मग स्वतःच वर चढून बसल्या आणि उड्या मारल्या, पंचेचाळीस वर्षांची बाई. पलंग जागचा हलला नाही. त्या उतरल्या, पिशवीतून फोन काढला आणि गुरुवारची गाडी नको म्हणून सांगितलं. हे तोंड फिरवून कोनाड्यात हातोडी ठेवायला गेले आणि तिथेच जरा वेळ उभे राहिले.

नववं खोकं मी उशाशी उभं केलं. उभं खोकं दीड फूट, पलंगाच्या बरोबरीला आलं. त्यावर पाण्याचा तांब्या, आत मधे एक फळी मारून औषधं, चष्मा आणि कंगवा. चार दिवसांपूर्वी आमच्या घरात गुंडाळलेल्या गाद्यांखेरीज काही नव्हतं.

गुरुवारी चारला जीप दाराशी आली. मुकादम पोचवायला आला होता. सासूबाई वॉकर धरून उतरल्या. दारापासून पलंगापर्यंत बारा पावलं, त्यांना दहा मिनिटं लागली. कुणी हात लावला तर ओरडतील म्हणून आम्ही नुसते आजूबाजूला हात पसरून चालत होतो. त्या वळल्या, मागे हाताने चाचपलं आणि बसल्या.

माझं लक्ष त्यांच्या पायांकडे होतं. दोन्ही टाचा जमिनीवर सपाट टेकल्या.

त्यांनी पलंगाकडे बघितलं नाही, खिडकीकडेही नाही. आधी अंग डावीकडे झुलवलं, मग उजवीकडे. मान थोडी तिरकी केली. मला ती मान ओळखीची होती. त्या कान लावत होत्या. मग टाचेने मागच्या खोक्याला एक लाथ हाणली, सिस्टरने बघितली असती तर जीव गेला असता तिचा. काही वाजलं नाही.

"काय भरलंय?"

"विटा," नणंदबाई म्हणाल्या. "तुझ्या सुनेची अक्कल. आणि तुझ्या लेकाने पाय दहा इंच कापले म्हणून."

"दहाच कापणार तो," सासूबाई म्हणाल्या. "कुणी लावल्या?"

"मी आणि ताईंनी," मी म्हटलं.

"खालचा थर?"

"मी लावला. एकाचा परत लावला. वाजत होतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. दारात मुकादम उभा होता, त्याच्याकडे त्यांनी एकदा बघितलं. तो लगेच जीपकडे बघायला लागला. मग त्यांनी हात टेकून स्वतःला जरा मागे सरकवलं, नीट बसल्या आणि म्हणाल्या:

"चला. म्हणजे ही खोकी मला परत लावायला नकोत."

मी त्यांच्या पायातल्या चपला काढायला खाली वाकले, आणि चपला काढून झाल्यावरही बराच वेळ वर उठले नाही.